कंबरेचा लेसर अन् आईचा संशय

"मॅडम, कंबरेला लेसर घेतला होता. त्यानंच झालंय काय ओ हे?"

मूल होत नाही म्हणून आलेले, फिजिओथेरपी घेतलेले पुरुष हे हमखास विचारतात. हा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या भट्टीवर काम करणारा. रिपोर्टची चौघडी उलगडली: मिलीलिटरला ९० लाख शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली दिलेली खालची मर्यादा १ कोटी ६० लाख. ती पास-नापासाची रेघ नव्हे. पण आईनं निकाल लावला होता, "लेसरनं बीज जळालं."

बीज जाळणारा लेसर तो नव्हेच. दुखण्यावर सहसा देतात तो मंद असतो, कापत-भाजत नाही. कंबरेवरचा उजेड कातडीत-स्नायूत शिरता शिरताच विरतो. अंडकोशापर्यंत पोचायचा प्रश्नच येत नाही.

मग गडी हळूच म्हणाला, "मोबाईलवर तर उलटंच सांगतात, लाल उजेडानं बीज वाढतं म्हणून. म्हणून लाल दिवा मागवलाय."

ह्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते फसवं आहे. लाल आणि अवरक्त (इन्फ्रारेड) उजेड पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागात, मायटोकॉन्ड्रियात, शोषला जातो. प्रयोगशाळेतल्या बशीत असा उजेड दिलेले शुक्राणू जास्त जोमानं पोहतात, असं दिसलंय. मात्रा वाढली की उलटाही परिणाम होतो. पण बशीतले शुक्राणू तयार झालेले असतात. अंडकोशात ते नव्यानं घडायचे असतात. माणसात संख्या वाढवणारा उपचार म्हणून हा दिवा सिद्ध झालेला नाही.

"दिवा तापतो का?"

"तापतोय की. हाताला चटका लागतोय."

अंडकोश शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड राहावे लागतात. दिवसभर भट्टीसमोर उभं राहायचं अन् रात्री दार लावून तिथंच ऊब द्यायची! वर खिशात तंबाखू-सुपारीच्या माव्याची पुडी. विचारल्यावर कळलं, तपासणीच्या महिनाभर आधी डेंग्यूचा जोराचा तापही येऊन गेला होता. शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणजे तापाचा फटका त्या रिपोर्टात असू शकतो. बायकोच्या तपासण्यांची फाईल जाडजूड, ह्याचा मात्र हा एकच कागद. आपल्याकडं हे असंच चालतं.

दिवा बंद, मावा बंद, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, आणि तीही दोन ते सात दिवसांचा संयम पाळून, असं ठरलं. मुकादमाला सांगून त्यानं भट्टीवरून फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायच्या कामाला, बदली घेतली. मावा सोडणं जड गेलं. एकदा पुडीसकटच आला. दिवा आता आई गुडघ्याला लावते.

दुसरा रिपोर्ट १ कोटी ४० लाखांचा आला, पण शुक्राणूंची हालचाल कमीच. युरॉलॉजिस्टनं तपासलं, तर अंडकोशाच्या डाव्या बाजूच्या शिरा फुगलेल्या निघाल्या, म्हणजे व्हेरिकोसील. ऑपरेशन करायचं की आणखी थांबायचं, हे विचारायला पुढच्या आठवड्यात दोघंही डॉक्टरांकडं जाणार आहेत.