लहान मुलांना खो-खो शिकवून कॉलेजच्या विद्यार्थ्यात खरंच नेतृत्वगुण येतात का?

तुम्ही विचारलंय की तुम्ही एस.वाय.ला आहात, शाळेपासून खो-खो खेळत आलात आणि आता मंडळाच्या सरांना १४ वर्षांखालच्या मुलांची संध्याकाळची बॅच तुमच्या हाती द्यायची आहे. यातून काही शिकायला मिळतं, की नुसतं सर्टिफिकेट पदरात पडतं? आणि अभ्यास सांभाळून हे घ्यावं का?

घ्या. मी सांगली जिल्ह्यात मुलामुलींना खो-खो शिकवते. सुरुवात कॉलेजात असतानाच केली होती. आता दरवर्षी कॉलेजची एखाद-दोन मुलंमुली माझ्याबरोबर बॅच घेतात, त्यामुळे ही वाट मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे.

तुम्ही संघाचे कर्णधार राहिला असाल तर तुम्हाला वाटेल की नेतृत्व आपल्याला जमतंच. पण कर्णधार स्वतः खेळून दाखवतो. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. संघ अडचणीत आला की कर्णधार स्वतः उठून गडी मारू शकतो. प्रशिक्षकाला ती सोय नाही. शिट्टी वाजली की तुम्ही रेषेबाहेर. जे काही व्हायचं ते त्या अकरा-बारा वर्षांच्या पोरांच्या हातून व्हायचं, आणि ते होण्यासाठी जे करायचं ते तुम्ही आदल्या महिन्यांत केलेलं असलं पाहिजे. दुसऱ्याच्या हातून काम घडवून आणणं तुम्ही इथे शिकता. चांगल्या खेळाडूला हेच सगळ्यात जड जातं.

त्यातही खो-खो शिकवणाऱ्याला एक गोष्ट टाळताच येत नाही. क्रिकेटमध्ये कच्च्या मुलाला चेंडू कमी येईल अशा जागी उभं करता येतं. खो-खोमध्ये अशी जागाच नाही. दोन खांबांमध्ये आठ जण एकाआड एक उलट दिशेला तोंड करून पाटीवर, म्हणजे आखलेल्या चौकोनात बसलेले, नववा पाठलागावर. त्याला खांबांना जोडणारा मधला पट्टा ओलांडता येत नाही, घेतलेली दिशा सोडून मागे वळता येत नाही. पळणाऱ्याला दोन्ही मोकळं. त्यामुळे तयारीचा पळणारा पहिल्या मिनिटातच हेरतो की कोणत्या पाटीवरचा पोरगा उशिरा उठतो, आणि मग पुन्हापुन्हा तिथूनच पलीकडे निसटतो. म्हणजे सगळ्यात कच्च्या मुलाला वर आणल्याशिवाय तुमचा संघ उभाच राहत नाही. चार हुशार पोरांवर जोर देऊन बाकीच्यांना नुसतं बसवणारा प्रशिक्षक या खेळात लवकर उघडा पडतो.

मागे आमच्याकडे असाच एक मुलगा होता. पायात चपळ, पण खो मिळाला की क्षणभर थिजायचा. सगळे ओरडायचे, "उठ की लवकर!" मी तंत्र तपासत होते, तो टाचांवर बसतो का, वजन मागे जातं का. माझ्याबरोबर टी.वाय.ची एक मुलगी बॅच घेत होती. ती काही न बोलता त्याच्या शेजारच्या पाटीवर जाऊन बसली आणि सरावभर खेळली. नंतर मला म्हणाली, "ताई, त्याचं बसणं ठीक आहे. तो घाबरतोय. खो मिळायच्या आधी उठलं की फाऊल होतो ना, त्यावरून त्याला कुणीतरी खूप बोललंय. म्हणून तो खो ऐकतो, मागे वळून खात्री करतो आणि मग उठतो."

मग तिनेच ठरवलं की आठवडाभर सरावात लवकर उठण्याचा फाऊल धरायचा नाही, कुणाचाच नाही. थोरल्या मुलांनी कुरकुर केली, "मग मॅचमध्ये काय करायचं?" ती ठाम राहिली. पहिले दोन दिवस सगळा गोंधळ, जो तो आधीच उठतोय. पण तो मुलगा मोकळा झाला, आणि पुढे फाऊल परत धरायला लागल्यावरही त्याचा उठण्याचा वेग टिकला. दिसतंय त्यामागचं कारण शोधणं, सगळ्यांना न पटणारा निर्णय घेणं आणि त्याचा परिणाम दिसेपर्यंत कुरकुर सोसणं, हे त्या मुलीने तिथे केलं. मला तिचा फार अभिमान वाटतो.

दुसरी कसोटी संघनिवडीची. स्पर्धेला निघताना काही मुलं मागे राहणार, आणि त्यातलं एखादं रोज सगळ्यात आधी मैदानावर येणारं असतं. माझं ठाम मत आहे की नुसती यादी फळ्यावर लावू नये. ज्याचं नाव नाही त्याला आदल्या दिवशी मैदानावरच, सगळ्यांना दिसेल असं जरा बाजूला घेऊन, समोर बसून सांगावं. का नाही आणि पुढच्या वेळी काय जमायला हवं, हेही सांगावं. "तुझी हुलकावणी अजून एकाच बाजूला पडते" असं नेमकं सांगितलं तर मूल रडतं, पण परत येतं. नुसतं "पुढच्या वेळी बघू" म्हटलं तर पुष्कळदा येत नाही. पालकांचंही तेच. कुणाचे वडील ओळखीचे, कुणाच्या काकांनी मंडळाला वर्गणी दिलेली. अशा वेळी सरावाची हजेरी आणि चाचणीचे आकडे वहीत लिहिलेले असले की तुमचा आवाज आपोआप शांत राहतो.

काही गोष्टींत मात्र तडजोड नको. मारायचं नाही, शिक्षा म्हणून उन्हात फेऱ्या लावायच्या नाहीत, एकट्या मुलाला किंवा मुलीला आडबाजूला घेऊन शिकवायचं नाही. जे बोलायचं ते मैदानावर, बाकीच्यांना दिसेल असं. मुलं तुम्हाला "सर" न म्हणता "दादा" किंवा "ताई" म्हणतील. त्या नात्यात ती घरातलंही सांगतात. कुणी गंभीर काही सांगितलं तर स्वतः सोडवायला न जाता त्याच दिवशी मंडळातल्या जबाबदार मोठ्या माणसाच्या कानावर घाला.

अभ्यासाचं म्हणाल तर एकट्याने बॅच घेऊ नका. पहिल्यापासूनच मोठ्या मुलांपैकी दोघांना वॉर्मअप आणि पाटीचा सराव घ्यायला शिकवा, म्हणजे तुमच्या परीक्षेच्या दिवसांत मैदान बंद पडणार नाही. त्या दोघांनाही त्याचा फायदा होतो. पुढे यातच राहायचं मनात आलं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो, पण पहिल्या वर्षी त्याची घाई नको.

सरांना हो म्हणण्याआधी एकच विचारून घ्या, सरावात काय घ्यायचं आणि संघात कोण खेळायचं यात तुमचा शब्द चालणार का? नुसती मैदानावर चुन्याची फक्की मारायला आणि शिट्टी वाजवायला उभं करणार असतील तर त्यातून फारसं हाती लागत नाही. तसं असेल तर सगळी बॅच मागू नका. सगळ्यात लहान पाच-सहा मुलं पूर्णपणे तुमच्याकडे मागून घ्या आणि दिवाळीनंतर त्यांचा खेळ बघायला सरांनाच बोलवा.