टाकीतली हराळी: ॲप्टेशिया आणि मजानोबद्दल प्रश्नोत्तरे

खाऱ्या पाण्याच्या टाकीत नको असलेली समुद्रफुलं, म्हणजे ॲप्टेशिया आणि मजानो हे ॲनेमोन, उगवल्याबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

ठाणे: १८० लिटरची टाकी सुरू करून तीन महिने झाले. लाइव्ह रॉकवर (समुद्रातल्या, जिवंत जीव असलेल्या खडकावर) तपकिरी, काचेसारखं पारदर्शक फूल आलं आहे. बोट जवळ नेलं की क्षणात आत जातं. दिसायला सुंदर आहे. ठेवू का?

ठेवू नका. वर्णनावरून हा ॲप्टेशिया आहे. त्याचा देठ लांब आणि पारदर्शक असतो. वरच्या चकतीच्या कडेला टोकाकडे निमुळते होत जाणारे लांब-आखूड तंतू असतात आणि धक्का लागला की तो सगळाच्या सगळा खडकाच्या भोकात शिरतो. मजानो वेगळा ओळखू येतो. तो बुटका आणि जाडसर असतो, रंग हिरवट किंवा तपकिरी, तंतूंची टोकं फुगीर आणि बहुधा गुलाबी-जांभळी. तंतूंच्या टोकाला गोल नारिंगी किंवा पांढरे मणी असतील आणि ते फक्त अंधारातच उमलत असेल, तर तो बॉल ॲनेमोन असण्याची शक्यता जास्त. तो इतका पसरत नाही, तेव्हा लगेच हत्यार उपसू नका.

ॲप्टेशिया एकच आहे म्हणून थांबू नका. एकाचा बंदोबस्त पाच मिनिटांत होतो, पन्नासांचा महिनोन्‌महिने होत नाही. टॉर्च घेऊन खडकाची मागची बाजू, पॉवरहेडची, म्हणजे टाकीत पाणी खेळवणाऱ्या पंपाची, जाळी आणि ओव्हरफ्लोचा (वरचं पाणी बाहेर नेणारा) कप्पा तपासा. दिसणारा एक असला की न दिसणारे दोन-तीन असतातच.

पुणे: एक ॲप्टेशिया होता, सुरीने खरवडून काढला. दोन आठवड्यांत त्याच जागी आणि आसपास सात झाले. हे कसं?

शेतात हराळीवर नांगर फिरवल्यावर जे होतं, तेच इथे झालं. ॲप्टेशियाच्या तळव्याचा बारीक तुकडा खडकाला चिकटून राहिला तरी त्यातून नवा जीव तयार होतो. तो आपणहून सरकतानाही मागे असे तुकडे सोडत जातो, म्हणजे न खरवडताही वाढतोच. खरवडण्याने तुम्ही त्याचं काम हलकं केलंत एवढंच. शिवाय डिवचल्यावर तो शरीरातून पांढरे बारीक दोरे बाहेर फेकतो. त्यांत डंखपेशी असतात आणि शेजारच्या प्रवाळाचं मांस त्यांनी भाजतं.

याच चिवटपणामुळे प्रवाळ आणि त्यांच्या आतल्या शैवालाचं सहजीवन अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये ॲप्टेशिया मुद्दाम वाढवतात. त्याच्याही अंगात तसंच शैवाल असतं. म्हणून खाणं कमी केल्याने तो मरत नाही, उजेडावर जगतो. उलट संपच्या (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीच्या) अंधारात ठेवला तर शैवाल गमावून पांढरा पडतो आणि वाहून येणाऱ्या कणांवर तग धरतो. मासे उपाशी ठेवण्यात अर्थ नाही. पण रोज फ्रोझन खाण्याचं पाणी न गाळता ओतत असाल तर ते थांबवा, त्याने वाढीला नक्कीच जोर मिळतो.

नाशिक: कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट वापरा असं सांगतात. म्हणजे आपला पानाचा चुनाच ना? तो चालेल का, आणि नेमकं करायचं कसं?

रसायन तेच. पण पानाचा चुना वापरू नका. दोन कारणं आहेत. बाजारातल्या डब्यांत कधी रंग-सुगंध असतो, कधी आणखी काही. आणि डबी उघडी राहिली की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो व त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं. म्हणजे खडूच. खडूने ॲप्टेशिया मरत नाही, फक्त पांढरा दिसतो. अ‍ॅक्वेरियमसाठी विकली जाणारी किंवा प्रयोगशाळेच्या दर्जाची कोरडी पूड घ्या आणि झाकण घट्ट लावून ठेवा.

१ ग्रॅम पुडीत २ मिली आरओचं पाणी घालून दाट दह्यासारखं कालवा. एवढी पेस्ट प्रत्येकी अर्धा मिली धरून पाच ॲप्टेशियांना पुरते. बोथट सुई लावलेल्या ५ मिलीच्या सिरिंजमध्ये ती भरा. बारीक सुई घेऊ नका, तुंबते. मग जोर द्यावा लागतो आणि पेस्ट एकदम भसकन बाहेर येते. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच. चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. गेलाच, तर भरपूर पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

वेळ सकाळची निवडा, दिवे लागून तासभर झाल्यावरची. रात्रभरात पाण्याचा पीएच खाली आलेला असतो आणि ॲप्टेशिया उजेडाला पूर्ण उमललेला असतो. पॉवरहेड, रिटर्न पंप (संपमधलं पाणी टाकीत परत आणणारा) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद करा. पाणी स्थिर झालं की सुई वरून, सावली न पाडता, हळूहळू तोंडाच्या चकतीजवळ आणा. स्पर्श करायचा नाही. पेस्ट थेंबाथेंबाने चकतीवर सोडा. त्याला ते खाणं वाटलं की तंतू आत वळतात. मग उरलेली पेस्ट घालून तो बुडापर्यंत झाका. वीस मिनिटांनी एअरलाइनच्या नळीने सुटी पेस्ट ओढून घ्या आणि मगच पंप सुरू करा.

चुकतं ते बहुधा इथेच. सुई टोचली गेली तर तो भोकात शिरतो, पेस्ट बाहेर राहते आणि आठ दिवसांनी तो पुन्हा हजर. असं झालं तर त्या दिवशी त्याच्या मागे लागू नका, दोन दिवसांनी या. दुसरी चूक म्हणजे एका दिवसात सगळे उरकण्याची घाई. २०० लिटर पाण्यात १ ग्रॅम चुना विरघळला की अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता, ती डीकेएचमध्ये मोजतात) साधारण ०.४ डीकेएचने आणि पीएच ०.२ च्या आसपास वाढतो. म्हणून २०० लिटरला एका वेळी १ ग्रॅम, दोन वेळांत निदान दोन दिवसांचं अंतर. बाष्पीभवनाची भरपाई करायच्या पाण्यातून आधीच चुना देत असाल तर त्या दिवशी तो बंद ठेवा. प्रवाळाला खेटून उगवलेल्या ॲप्टेशियावर हा उपाय नको, ओघळलेली पेस्ट प्रवाळाला भाजते. फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचा लावायला आणलेला तुकडा, सुटा असेल तर बाहेर काढून, टाकीच्याच पाण्याच्या भांड्यात धरून काम करा.

‘ॲप्टेशिया-एक्स’सारखी तयार औषधं याच पद्धतीने वापरतात. ॲप्टेशिया ती सहज गिळतो, त्यामुळे नवख्या हाताला ती सोपी जातात. महाग आहेत, पण दहा-बारा नगांसाठी पैसे वसूल होतात.

नवी मुंबई: लिंबाचा रस, व्हिनेगर, उकळतं पाणी, यातलं काय चांगलं?

तिन्ही कामचलाऊ. उकळतं पाणी सिरिंजमधून टाकीत पोहोचेपर्यंत निवतं. लिंबू आणि व्हिनेगर थेट शरीरात टोचावं लागतं, आणि टोचताना तो फाटला की वर पुण्याच्या वाचकांचं झालं तेच. व्हिनेगर जास्त पडलं तर जिवाणू वाढून पाणी दुधाळ होतं आणि ऑक्सिजन घटतो. हायड्रोक्लोरिक ॲसिडचं नाव काढू नका.

दुबई: ॲप्टेशिया खातील म्हणून तीन पेपरमिंट कोळंब्या आणल्या. महिना झाला, ॲप्टेशिया जसेच्या तसे. उलट झोआंथिडचे (प्रवाळासारख्या मऊ जीवाचे) पॉलिप, म्हणजे फुलासारखी तोंडं, कुरतडलेले दिसतात.

आधी कोळंबी नीट बघा. पेपरमिंटचं अंग अर्धपारदर्शक असतं आणि त्यावर बारीक लाल रेषा असतात. लाल पट्ट्यांच्या मध्ये पांढऱ्या रेषा आणि ठिपके असतील, पाठीला कुबड असेल, डोळे मोठे असतील तर ती कॅमलबॅक कोळंबी आहे. ती दुकानात पेपरमिंटच्याच नावाने खपते, आणि पॉलिप खाते. ती काढून टाका.

खरी पेपरमिंट असेल तर तिला आयतं मिळतंय. रात्री माशांचं उरलेलं खाणं तळाशी असेल तर डंख मारणाऱ्या फुलाच्या वाटेला ती कशाला जाईल? दोन-तीन आठवडे खाणं हात राखून द्या. पण कोळंबीला अगदी उपाशीही ठेवू नका, नाहीतर प्रवाळाच्या तोंडातला घास पळवते. साधारण ४० लिटरला एक हा हिशेब ठेवा. टाकीत सोडताना ठिबक पद्धतीने दीड-दोन तास घ्या, क्षारतेतला झटका कोळंबीला सोसत नाही. ती आधी बारके ॲप्टेशिया खाते. मोठ्यांचा समाचार चुन्याने घ्या आणि पिलावळ तिच्यावर सोपवा, ही जोडी चांगली चालते.

बेंगळुरू: २०० लिटरच्या टाकीत पन्नासेक ॲप्टेशिया आहेत, अर्धे खडकांच्या फटीत. बर्गिया आणाव्यात का?

तुमच्यासारख्या टाकीला हाच उपाय. बर्गिया ही शंख नसलेली छोटी समुद्री गोगलगाय. जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची, निशाचर, आणि ॲप्टेशियाखेरीज काहीच न खाणारी. सिरिंज पोहोचत नाही त्या फटीत ती पोहोचते.

पण आणण्याआधी टाकीत कोण कोण आहे ते पाहा. सिक्सलाइन व इतर रास मासे, पेपरमिंट कोळंबी, कोरल बँडेड कोळंबी आणि खेकडे बर्गिया फस्त करतात. म्हणजे वरच्या उत्तरातली कोळंबी आणि बर्गिया एकत्र नकोत, दोन्हींपैकी एक निवडा. पॉवरहेडला जाळी आणि ओव्हरफ्लोला स्पंज लावा. एकदम आठ-दहा आणा. दोन आणून वाट पाहणं फुकट जातं, त्या एकमेकींना भेटतही नाहीत. दिवे गेल्यावर, पंप बंद करून, पिपेटने ॲप्टेशियांच्या घोळक्याजवळच्या खडकावर सोडा. एकदम मोठ्या ॲप्टेशियाच्या अंगावर सोडू नका.

त्यानंतर सहा-आठ आठवडे काही घडत नाहीये असं वाटेल. त्या मुदतीत पांढऱ्या गुंडाळीसारखी अंडी दिसली तर काम मार्गी लागलं समजा. मोठे चार-दोन उरलेत म्हणून मध्येच चुना लावू नका, तुम्ही बर्गियांचंच जेवण काढून घ्याल. ॲप्टेशिया संपले की त्या उपासाने मरतात, म्हणून शेवटी उरतील त्या दुसऱ्या त्रासलेल्या टाकीवाल्याला द्या.

कोल्हापूर: १०० लिटरची टाकी आहे. ॲप्टेशिया खाण्यासाठी कॉपरबँड बटरफ्लाय मासा ठेवला तर?

नको. त्याला निदान चारशे लिटर लागतात आणि तो खाण्याच्या बाबतीत इतका चोखंदळ असतो की पुष्कळदा दुकानातून आणल्यावर काही खातच नाही. तुमच्या टाकीत पेपरमिंट बसते. ब्रिसलटेल फाइलफिश लहान असताना मावेल, पण तोही मांसल प्रवाळाला अधूनमधून टोचतो. मोठा झाला की त्याला जागा कुठे देणार, ते आधी ठरवा.

पणजी: लाइव्ह रॉक महाग पडतो. मालवणच्या किनाऱ्यावरून दगड आणले तर? आणि आणलेला खडक उकळून घेतला की ॲप्टेशियाचा प्रश्नच मिटेल ना?

दोन्हींना नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारे सर्व प्रवाळ आहेत. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. किनाऱ्यावरचा दगड प्रवाळाचा सांगाडा निघाला तर तो बाळगणंही गुन्हा ठरतो. कृत्रिम सिरॅमिक किंवा सिमेंटचा कोरडा खडक घ्या, त्यावर ॲप्टेशिया आपोआप येत नाही.

उकळण्याचं जास्त गांभीर्याने घ्या. खडकावर पॅलिथोआ (झोआंथिडचाच जातभाई) किंवा झोआंथिड असतील तर वाफेबरोबर पॅलिटॉक्सिन हे जहाल विष हवेत जातं. अशा प्रकारे घरातली सगळी माणसं इस्पितळात गेल्याच्या घटना घडल्या आहेत. खडक मारायचाच असेल तर जीव असलेला भाग न खरवडता बादलीत गोड्या पाण्यात घराबाहेर ठेवा, पाणी बदलत राहा, आणि नंतर काही आठवडे कडक उन्हात वाळवा. हातात मोजे ठेवा.

सोलापूर: मजानोवर बर्गिया चालते का?

नाही, ती मजानो खात नाही. पेपरमिंटचाही भरवसा नाही. मजानोला चुन्याची पेस्ट किंवा तयार औषध. किंवा तो सुट्या दगडावर असेल तर त्याच्या बुडाखालचा खडकच छिन्नीने कपची काढून बाहेर. मजानो आत शिरत नाही तेवढी एक सोय.

पुणे: नवा फ्रॅग आणला की प्रवाळांसाठीच्या औषधात बुडवतो. तरी ॲप्टेशिया येतोच.

कारण त्या औषधाने तो आक्रसून बसतो, मरत नाही. फ्रॅगचा जुना प्लग (तो चिकटवलेली खालची चकती) हाडं कापायच्या कटरने तोडून फेका, प्रवाळ नव्या प्लगवर चिकटवा. मग हीटर, छोटा पॉवरहेड आणि दिवा असलेल्या ३० लिटरच्या वेगळ्या टाकीत चार ते सहा आठवडे ठेवा आणि आठवड्यातून एकदा रात्री टॉर्च व भिंगाने प्लगची खालची बाजू बघा. ॲप्टेशिया बहुतेक वेळा तिथेच असतो.