रिलोडिंग प्रेस: पत्रकातला पाव फेरा विसरा, डाय मोजून बसवा

तुम्ही विचारलंय की सिंगल-स्टेज (एका वेळी एकच काम करणाऱ्या) प्रेसवर .३०८ विंचेस्टर या रायफल काडतुसाच्या उडवलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्याआधी साइझ करताना, म्हणजे दाबून मापात आणताना, डाय (वरचा साचा) शेल होल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकवली, डायसोबतच्या पत्रकात लिहिलंय तसा आणखी पाव फेरा दिला, तरी काही पुंगळ्यांवर रायफलचा बोल्ट (मागचा खिट्टा) जड बंद होतो आणि काहींवर अगदी सैल. प्रेस बिघडलाय का?

प्रेस बहुधा ठीक असेल. मी पेनसिल्व्हेनियात गॅरेजमध्ये बरीच वर्षं हे काम करतोय, आणि त्याआधी भोसरीत टूलरूममध्ये होतो. तिथे आम्ही 'थाऊ'त बोलायचो, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तोच हिशेब इथे लावा. डायचे आटे ७/८-१४ चे, म्हणजे इंचाला १४. एक फेरा म्हणजे जवळजवळ ७१ थाऊ. पाव फेरा म्हणजे १८. आणि तुम्हाला पुंगळीचा खांदा (अंग जिथे मानेकडे निमुळतं होतं तो उतार) मागे सरकवायचाय किती? बोल्ट-ॲक्शन रायफलला १ ते २ थाऊ. पाव फेऱ्याने हे साधेल कसं? पत्रक लिहिणाऱ्याला पुंगळी कुठल्याही रायफलमध्ये बसायला हवी असते. तुम्हाला ती तुमच्या एकाच चेंबरला (नळीत काडतूस बसतं त्या पोकळीला) बसवायची आहे.

पहिल्या हिवाळ्यात मीही पत्रकच पाळलं होतं. पाचव्या भरणीला एका पुंगळीच्या बुडाच्या थोडं वर चकचकीत रेघ उमटली, पूर्ण गोल. हॅकसॉने उभी कापली तर आत त्याच जागी नखाला लागेल अशी खाच. दर वेळी खांदा जास्त मागे ढकलला जात होता, दर वेळी बार होताना पितळ ताणलं जात होतं, आणि ताण सगळा तिथे. अजून एकदोन बारात ती पुंगळी चेंबरमध्येच तुटली असती आणि उलटा गॅस तोंडावर आला असता. तेव्हापासून प्रत्येक पुंगळीत टोक वाकवलेली पेपरक्लिप फिरवून बघतो. ही सवय तुम्हीही लावा.

आता बसवायचं कसं. त्याच रायफलमधून दोन-तीनदा उडवलेल्या पाच पुंगळ्या घ्या. एकदाच उडवलेलं पितळ चेंबर पूर्ण भरतंच असं नाही. आधी प्रायमर (बुडातली ठिणगीची टोपी) काढा, कारण तो जरा जरी वर आला असला तरी माप फसतं. मग कॅलिपरला कंपॅरेटर (खांद्यावर टेकणारा मापाचा जोड) लावून बूड ते खांदा मोजा. समजा १.६३२ इंच आलं. तर साइझ केल्यावर १.६३० हवं. हा आकडा तुमच्या कंपॅरेटरपुरता, दुसऱ्याच्या आकड्याशी ताडू नका.

डाय शेल होल्डरपासून जरा वर ठेवून सुरुवात करा. इथे एक गंमत दिसेल: पहिल्यांदा माप कमी न होता वाढेल. डाय आधी पुंगळीचं अंग दाबते, आणि दाबलेलं पितळ खांद्याला पुढे ढकलतं. इथे थांबलात तर बोल्ट आणखी जड होतो. घाबरू नका, डाय थोडी थोडी खाली घ्या. डायच्या अंगावर मार्करने रेघ मारा. ७/८ इंच व्यासाचा परीघ साधारण ७० मिलिमीटर, म्हणजे ती रेघ १ मिलिमीटर सरकली की डाय १ थाऊ उतरली. इतकं सोपं गणित सहसा कोणी सांगत नाही.

रिकाम्या प्रेसवर डाय आणि शेल होल्डर घट्ट टेकलेले दिसतात. मग पुंगळी घाला, हँडल पूर्ण खाली दाबा आणि मागून टॉर्च धरा. मध्ये उजेडाची बारीक फट दिसेल. ओतीव लोखंडाचा प्रेससुद्धा जोरात किंचित ताणला जातो. हा ताण प्रत्येक पुंगळीला सारखा नसतो. पितळ कडक असेल किंवा वंगण कमी पडलं असेल तर फट वाढते आणि खांदा कमी सरकतो. तुमचा जड-सैल प्रकार मला इथलाच वाटतो. पुंगळ्या एकाच लॉटच्या आणि सारख्या वेळा उडवलेल्या घ्या, प्रत्येकीला सारखं वंगण लावा, हँडल खाली नेल्यावर दोन सेकंद तिथेच धरा. कडक झालेलं पितळ ॲनिलिंगशिवाय (तापवून मऊ केल्याशिवाय) वळणावर येत नाही.

लॉक रिंग आवळताना पुंगळी आत आणि रॅम (पुंगळी वर नेणारा दांडा) वर हवा, म्हणजे डाय सरळ बसते. लॉक रिंगखाली रबरी ओ-रिंग घालणारेही आहेत, मला ते पटतं. आणि पुंगळीची मान वाकडी येत असेल तर दोष बहुतेक एक्स्पांडर बॉलचा (डायमधल्या, मान आतून रुंद करणाऱ्या गोळ्याचा). मानेच्या आत वंगणाचा हलका हात फिरवा.

पावडरचं प्रमाण कृपया कोणाच्या उत्तरातून घेऊ नका, माझ्याही नाही. छापील मॅन्युअल उघडा, सर्वांत कमी चार्जपासून सुरू करा, आणि टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा ठेवा. भारतातून वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की तिथे काडतुसं बनवायला शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो. घरगुती छंद म्हणून हे तिथे चालत नाही.

पाच पुंगळ्यांची आधीची आणि नंतरची मापं इथे लिहा. नंतरच्या मापांत आपापसात २ थाऊपेक्षा जास्त फरक असेल तर आधी वंगण बघू, मग पितळ.