नगरपरिषदेचं क्वार्टर पाडणार म्हणतात, बाँडवर सही करू का?

ताई, पत्र वाचलं. सासरे नगरपरिषदेत सफाई कामगार होते, त्यांना क्वार्टर मिळालं, ते वारले तरी भाडं तुम्ही भरतच आलात पण पावती अजून त्यांच्याच नावाची, आणि आता इमारत धोकादायक म्हणून सात दिवसांत खाली करा अशी नोटीस आली. तिथं खाली दुकानं वर फ्लॅट होणार म्हणे, अन् ऑफिसातले म्हणतात 500 च्या बाँडवर लिहून द्या की आम्ही राजीखुशीनं सोडतो, नवीन बिल्डिंगमध्ये तुमचं बघू.

सही करू नका. लिहून दिलं की हक्क तुम्हीच सोडला, आणि तोंडी बघू-करूच्या भरवशावर कोणी घर देत नाही.

आता कडू गोष्ट. एवढी वर्षं राहतो म्हणून कोणी हलवू शकत नाही असं तुमच्या लाईनीतले सांगतात ते खरं नाही बाप्पा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, त्याच्या कलम 3 मध्येच सरकारच्या आणि नगरपरिषदेसारख्या संस्थांच्या जागा वगळल्या आहेत. खाजगी मालकाच्या भाडेकरूला त्या कायद्याचं जे संरक्षण आहे ते तुम्हाला नाही. मग हातात काय, तर पावत्या. नोकरीपुरतं क्वार्टर होतं अन् पैसे पगारातून कटत होते एवढंच असेल तर केस कच्ची, पण सासरे गेल्यावरही नगरपरिषदेनं तुमच्याकडून भाडं घेतलं असेल तर तुम्ही भाडेकरू आहात असं म्हणायला जागा आहे. आणि भाडेकरू ठरलात तर 2014 चा सुप्रीम कोर्टाचा शहा रतनसी खिमजी निकाल कामी येतो, इमारत पाडली म्हणून भाडेकरूपण संपत नाही, कारण खालची जमीन राहतेच. म्हणून जुन्यात जुनी पावती शोधा, पेटीत, देवघरामागं, कुठंही.

धोकादायक इमारतीवर कारवाईचा अधिकार नगरपरिषदेला आहेच, 1965 च्या नगरपरिषद कायद्यात तो दिलाय. पण धोकादायक कोणी ठरवलं? स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे इमारत किती मजबूत आहे त्याच्या इंजिनिअरनं केलेल्या तपासणीची, कॉपी मागा. त्यात इमारतीचा वर्ग लिहिलेला असतो. सी-1 म्हणजे पाडण्यालायक, सी-2ए म्हणजे खाली करून दुरुस्ती, सी-2बी असेल तर खाली न करता दुरुस्ती. नोटिशीत यातलं काहीच नसेल तर लेखी हरकत द्या अन् आवकचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. माहिती अधिकाराचा अर्जही टाका, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, पण उत्तराला 30 दिवस असतात म्हणून नुसतं त्याच्यावर बसू नका. त्यात पाडायचा अन् कॉम्प्लेक्सचा ठराव मागा, मधली काही वर्षं निवडून आलेले नगरसेवक नव्हते, प्रशासकच होते, तेव्हा तो कोणी केला तेही कळेल.

खरंच स्लॅब पडत असेल तर मात्र लेकरं घेऊन निघा, कोर्ट मागाहून. फक्त जायच्या आधी खोलीचं मोजमाप, फोटो, जमलं तर पंचनामा, आणि "हक्क राखून तात्पुरतं सोडतो" असं पत्र द्या. पाडल्यावर तुमची खोली किती होती हे सांगायला दुसरं काही उरत नाही.

घरकुलाचा फॉर्म भरून देतो म्हणाले ना? स्वतःच्या जागेवर बांधायचं घरकुल असेल तर जागा तुमच्या नावाची लागते, अन् ही तर नगरपरिषदेची किंवा नझूलची, म्हणजे शहरातल्या सरकारी जमिनीतली. भूमी अभिलेखमधून आखीव पत्रिका काढा म्हणजे मालक कोण ते दिसेल, सरकारी नझूल निघाली तर कलेक्टर ऑफिसलाही एक अर्ज द्या. त्यापेक्षा सफाई कामगारांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजना आहे, सासऱ्यांची सेवा किती झाली त्याचा दाखला काढून त्यात बसता का ते लेखी विचारा. याच्याबद्दल ऑफिसवाले स्वतःहून सहसा बोलत नाहीत.

मुदत संपायच्या आत तालुका कोर्टात मनाईचा, म्हणजे पाडणं थांबवायचा, अर्ज टाकावा लागेल. वकिलाच्या फीची काळजी करू नका, तिथंच विधी सेवा समिती आहे, बाईमाणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. जाताना नोटीस, पावत्या आणि सासऱ्यांचा मृत्यू दाखला सोबत न्या.