वायरलेसवर 'रिपीट' म्हणू नकोस
सैन्याची बोली शिकायची तर सुरुवात वायरलेसपासून कर. 'रॉजर' म्हणजे फक्त 'ऐकलं', 'हो' नव्हे. हुकूम पाळणार असशील तर 'विल्को' म्हण, त्यात 'ऐकलं' आलंच. 'ओव्हर' म्हणजे आता तुम्ही बोला, 'आउट' म्हणजे बोलणं संपलं. दोन्ही एकत्र जोडू नकोस. आणि नीट ऐकू आलं नाही तर 'से अगेन'. 'रिपीट' चुकूनही नको! तोफखान्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'पुन्हा तसाच मारा करा' असा होतो, म्हणून इतकं कळकळीने सांगतोय. इंग्रजी अक्षरं ए, बी, सी अशी नको, अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशीच सांग. १९५६ पासूनची ही वर्णमाला गोंगाटातही कळते. मेसमधले थट्टेचे शब्द मात्र लगेच तोंडात घेऊ नकोस. काही दिवस नुसतं ऐक, जुनी माणसं कोणाशी काय बोलतात ते बघ.