हॉस्पिटलमधल्या फार्मासिस्टला डिस्चार्जच्या वेळी काय विचारायचं?

तुम्ही विचारलंय की वडिलांना दोन दिवसांत डिस्चार्ज आहे, औषधांची लांबलचक यादी हातात पडणार, तर तिथला फार्मासिस्ट फक्त गोळ्या मोजून देतो की त्याला काही विचारता येतं. विचारता येतं आणि विचाराच. मी हेच काम करतो, त्यामुळे थोडं लांबेल.

खिडकीतून दिसतं ते आमचं अगदी वरवरचं काम. आत बसून आम्ही डॉक्टरांनी लिहिलेली औषधं पेशंटचं वजन, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी), अ‍ॅलर्जी आणि आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांशी ताडून बघत असतो. किडनी अधू असेल तर बऱ्याच अँटिबायोटिक्सचा डोस कमी करावा लागतो नाहीतर दोन डोसमधलं अंतर वाढवावं लागतं, मग वॉर्डात फोन जातो, डॉक्टर राउंडवर असतात, आणि तुम्ही बाहेर घड्याळ बघत बसता. (उशीर दरवेळी याच कारणाने होतो असंही नाही म्हणा, कधी नुसतं बिलिंग अडकलेलं असतं.)

पण खरा घोळ होतो तो पेशंट घरी जाताना. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांमुळे होणारा अपाय कमी करायची मोहीम काढली, तिच्यात ज्या तीन गोष्टींवर भर दिला त्यातली एक हीच, पेशंट एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो ती वेळ. होतं काय, बीपीची एक गोळी घरी आधीच चालू असते, इथे तेच औषध दुसऱ्या कंपनीचं मिळतं, नाव वेगळं, रंग वेगळा, आणि घरी गेल्यावर माणूस इमानदारीत दोन्ही घेतो. डबल डोस झाला की बीपी एकदम खाली, मग बाथरूममध्ये चक्कर येऊन पडणं वगैरे. म्हणून माझं एकच सांगणं, घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून आणा, आयुर्वेदिक, व्हिटॅमिन, डोळ्यातले ड्रॉप, शेजाऱ्याने सुचवलेली दुखण्यावरची गोळी, सगळं. ती पिशवी आणि नवीन यादी समोरासमोर ठेवून विचारा, यातलं काय बंद, काय चालू, कशाचा डोस बदललाय आणि नवीन काय आहे. बंद झालेली औषधं घरी परत नेऊच नका.

मग प्रत्येक गोळी कधीपर्यंत घ्यायची तेही विचारा. अ‍ॅडमिट असताना सुरू केलेली अ‍ॅसिडिटीची गोळी कुणी थांबवायला सांगितलंच नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं घेत राहतात. आणि "दिवसातून किती वेळा" हे गृहीत धरू नका, संधिवातासाठी दिलेलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियम किंवा आयर्नची गोळी असेल तर दोन्हीमध्ये चार तास अंतर ठेवायचं, नाहीतर ती नीट शोषलीच जात नाही. वडिलांना गिळायला त्रास होत असेल तर गोळी कुटून देण्याआधी नक्की विचारा, कारण हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. बहुतेक वेळा सिरप किंवा दुसरा पर्याय निघतो.

इनहेलर किंवा इन्सुलिन पेन असेल तर तोंडी समजावून घेऊन थांबू नका, फार्मासिस्टसमोर वडिलांनाच करून दाखवायला सांगा. मान डोलावणारे खूप असतात पण पंप दाबला आणि श्वास भलत्याच वेळी घेतला तर औषध घशातच राहतं.

पैशाची अडचण असेल तर लाजू नका, सांगा. गोळी एक दिवसाआड घेऊन पुरवण्यापेक्षा डॉक्टरांना विचारून स्वस्त जेनेरिक देता येतं का ते बघता येतं. आणि निघताना फार्मसीचा नंबर घ्या. शंका तिथे सुचत नाहीत, घरी गोळ्यांचा डबा भरायला बसलं की सुचतात. यादीचा फोटो फोनमध्ये ठेवा, विशेषतः रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर, दात काढायला गेलात तरी पहिल्यांदा तोच दाखवायचा.