लोह संपलंय, हे जिवाणूला कोण सांगतं?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लोह कमी पडलं की जिवाणू लोह मिळवण्याची जनुकं चालू करतात, असं आम्हाला शिकवलं. पण जी वस्तू नाहीच, ती नसल्याचं पेशीला कळतं कसं? आणि लोह एवढं गरजेचं असेल, तर ही जनुकं कायमचीच चालू का नसतात?

उत्तर : टंचाई कळण्याची गरजच पडत नाही. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमध्ये ही जनुकं चालू राहायला तयारच असतात. पुरेसं लोह आलं की ती बंद पाडली जातात. बंद पाडणारं प्रथिन म्हणजे फर. फरला फेरस लोह (पाण्यात सहज विरघळणारं रूप) चिकटलं, तरच त्याच्या दोन रेणूंची जोडी जनुकाच्या तोंडाशी असलेल्या ठरावीक डीएनए-क्रमावर घट्ट बसते, आणि जनुक वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेझ या विकराला तिथे जागा मिळत नाही. लोह घटलं की ते फरवरूनही सुटतं, फरची डीएनएवरची पकड जाते आणि जनुकं वाचली जाऊ लागतात. मोजणारा वेगळा आणि निरोप्या वेगळा, असली भानगडच नाही. इतकी वर्षं शिकवूनही मला ही रचना फार देखणी वाटते.

मग पेशी एंटेरोबॅक्टिन बनवून बाहेर सोडते. हा सिडेरोफोर, म्हणजे लोह पकडून आणणारा छोटा रेणू. हवेत लोहाचं फेरिक रूप होतं आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून हा खटाटोप. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर तुमच्या बाईंकडे किंवा सरांकडे सीएएस प्लेटसाठी हट्ट धरा. श्विन आणि नीलँड्स यांनी 1987 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. प्लेट गडद निळी असते, कारण रंगद्रव्याने लोह धरून ठेवलेलं असतं. सिडेरोफोरने ते हिसकावलं की वसाहतीभोवती नारिंगी कडं पसरतं. माध्यमात जास्तीचं लोह घालून पाहा, कडं उमटणार नाही. मात्र काचेची भांडी आधी आम्लाने धुवा. माझे विद्यार्थी याचा कंटाळा करायचे, आणि काचेला चिकटलेलं लोह त्यांच्या प्रयोगाचा विचका करायचं.

दुसरी बाजू पाठ्यपुस्तकात बहुधा दोन ओळींत उरकतात, म्हणून ती इथे सांगते. कमाई आटली की शहाणं घर आधी खर्च कापतं. ई. कोलायमध्ये हे काम सुमारे 90 अक्षरांचा एक इवलासा आरएनए करतो, नाव आरवायएच-बी. एरिक मासे आणि सुझन गॉटेसमन यांनी 2002 मध्ये त्याचं काम उलगडलं. लोह असताना फर या आरएनएचंही जनुक बंद ठेवतं. लोह घटलं की तो तयार होतो, आणि लोह लागणाऱ्या पण तूर्त नसली तरी चालतील अशा प्रथिनांच्या संदेशवाहक आरएनएला चिकटून त्यांचा नाश घडवून आणतो. ऊर्जानिर्मितीतलं सक्सिनेट डिहायड्रोजिनेज जातं, ऑक्सिजनच्या घातक रूपाचा बंदोबस्त करणारं लोहवालं सुपरऑक्साइड डिसम्युटेज जातं. त्या दुसऱ्याच्या जागी मँगनीजवर चालणारं डिसम्युटेज पुढे येतं, कारण त्याच्या जनुकावरचाही फरचा दाब आता उठलेला असतो.

आता 'कायमची चालू का नाहीत?' फेरस लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल रॅडिकल हा अतिशय क्रियाशील कण तयार होतो आणि तो डीएनए फोडतो. फर काढून टाकलेल्या ई. कोलायमध्ये डीएनए-दुरुस्तीचं रेकए जनुकही नसेल, तर ते हवेत जगत नाहीत. ऑक्सिजन काढून घ्या, जगतात. याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

प्रश्न : जिवाणूंना लोह हवंच असतं, तर माणसाच्या अंगात लोह साठल्याने आजार बळावतो का? मी लोहाच्या गोळ्या घेते, त्या बंद कराव्यात का?

उत्तर : निरोगी शरीरात मोकळं लोह जवळपास नसतंच, रक्तातलं ट्रान्सफेरिन हे प्रथिन ते घट्ट धरून ठेवतं. संसर्ग झाला की यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि रक्तातलं लोह आणखी घटवतं. त्यामुळे काही रोगजंतूंसाठी लोहाची टंचाई हीच यजमानाच्या शरीरात शिरल्याची खूण ठरते. घटसर्पाच्या जंतूत फरसारखंच काम डीटीएक्सआर करतं, आणि लोह घटलं की विषाचं जनुक मोकळं होतं. माध्यमातलं लोह वाढवलं की विष कमी बनतं, हे पॅपेनहायमर यांनी 1936 मध्येच दाखवलं होतं.

उलट टोकाचंही एक उदाहरण आहे. 2009 मध्ये शिकागो विद्यापीठातले एक संशोधक प्लेगच्या दुबळ्या केलेल्या जंतूमुळे दगावले. लोह मिळवण्याची क्षमता काढून घेतल्यामुळेच तो जंतू निरुपद्रवी मानला जात होता. शवविच्छेदनानंतर कळलं, की त्या संशोधकांना हेमोक्रोमॅटोसिस होता, म्हणजे शरीरात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक आजार.

पण तो आजार वेगळा आणि तुमच्या गोळ्या वेगळ्या. डॉक्टरांनी ॲनिमियासाठी दिल्या असतील तर माझं उत्तर वाचून त्या बंद करू नका. मध्येच ताप किंवा संसर्ग झाला, तर चालू ठेवायच्या की थांबायचं, हे त्यांनाच विचारा.